दोन आकड्यांमधला फरक

हवामानाचा धडा सुरू झाला की आमच्या वर्गात पहिली घाई होते ती ढगांची नावे पाठ करण्याची. सिरस, आल्टोक्युम्युलस, निंबोस्ट्रेटस आणि सगळ्यांचा लाडका क्युम्युलोनिंबस. नावांना परीक्षेत गुण मिळतात हे खरे. पण विमान चालवायला शिकणाऱ्याने सकाळी धावपट्टीकडे जाण्याआधी सर्वांत आधी दोन आकडे पाहावेत, असे माझे मत झाले आहे. ते म्हणजे तापमान आणि दवबिंदू. या लेखात मी तेवढ्याबद्दलच लिहिणार आहे. हवेचा दाब आणि वारा हे विषय पुढच्या अंकात दुसऱ्या कोणी घ्यावेत.

विमानतळाच्या हवामानाचा जो अहवाल निघतो त्याला मेटार म्हणतात. आपल्याकडे मोठ्या विमानतळांवर तो दर अर्ध्या तासाला निघतो. सगळा मजकूर एका सांकेतिक ओळीत असतो : आधी वारा, मग दृश्यमानता, मग ढग, आणि शेवटाकडे ‘०८/०७’ असे काहीतरी. तिरप्या रेघेच्या आधी तापमान, नंतर दवबिंदू, दोन्ही अंश सेल्सिअसमध्ये. (ही निरीक्षणे आपल्या हवामान खात्याकडे असतात. पुण्याच्या कॅडेट्सना शिवाजीनगरचा सिमला ऑफिस चौक माहीत असेलच. १९२८ साली या खात्याचे मुख्यालय सिमल्याहून पुण्याला हलले, म्हणून ते नाव. मी त्या चौकातून कितीतरी वेळा बसने गेलो आहे, पण हे इथे येऊन वाचनालयात कळले.)

आता दवबिंदू म्हणजे काय? उन्हाळ्यात मेसमधल्या कूलरचे पाणी स्टीलच्या पेल्यात घ्या. दोन मिनिटांत पेल्याला बाहेरून घाम फुटतो. ते पाणी पेल्यातून झिरपलेले नसते, ते हवेतले असते. पेल्याला लागलेली हवा ज्या तापमानाला थंड झाल्यावर तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते, तो दवबिंदू. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम वाफ राहू शकते, २० अंशांना सुमारे १७ ग्रॅम आणि १० अंशांना ९ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे हवा दहा अंशांनी थंड झाली की वाफेची जागा जवळजवळ निम्मी होते.

‘मग आर्द्रतेची टक्केवारी का सांगत नाहीत, टीव्हीवर तर तीच सांगतात,’ असा प्रश्न वर्गात आला होता. प्रश्न चांगला आहे. समजा दुपारी तापमान ३० आहे आणि हवेत १७ ग्रॅम वाफ आहे. आर्द्रता झाली साधारण ५७ टक्के. रात्री तीच हवा २० अंशांवर आली की आर्द्रता १०० टक्के. वाफ तेवढीच, आकडा मात्र पार बदलला. दवबिंदू दोन्ही वेळा २० च्या जवळपास राहतो. म्हणून दुपारीच दवबिंदू पाहून विचारता येते की आज रात्री हवा तिथपर्यंत थंड होईल का. टक्केवारीवरून तो प्रश्न इतक्या सरळ विचारता येत नाही.

आपल्या शाळेत हा प्रश्न सगळ्यांच्या ओळखीचा आहे, फक्त आपण त्याला ‘आज पीटी होणार का’ असे म्हणतो. महाराष्ट्रातून इथे येईपर्यंत मला धुके म्हणजे पावसाळ्यात घाटात लागते ते, एवढेच माहीत होते. इथले धुके वेगळे आहे. ते डोंगरावर चढत नाही, जमिनीतून उगवल्यासारखे येते. स्वच्छ आकाशाच्या रात्री जमीन आपली उष्णता वर फेकते आणि थंड होते, तिला टेकलेली हवाही थंड होते, आणि दवबिंदू गाठला की धुके. ढग असतील तर ते गोधडीसारखे उष्णता अडवतात आणि धुके टळते. वाराही मोजकाच लागतो. अगदी शांत असेल तर नुसते गवतावर दव पडते, तीन ते पाच नॉटचा वारा असेल तर थंड हवा थोडी वरपर्यंत ढवळली जाऊन दाट धुके होते, आणि दहा नॉटच्या वर गेला तर बहुधा होतच नाही किंवा खालच्या ढगासारखे वर उचलले जाते.

उत्तरेच्या मैदानात हिवाळ्यात हे सगळे एकदम जमून येते. पश्चिमी विक्षोभ येतो, पाऊस पडतो, माती भिजते. तो पुढे सरकला की आकाश मोकळे होते. भोवती कालव्याचे पाणी प्यालेली गव्हाची शेते, वारा मंद, आणि वाफेला चिकटायला धुराचे कण भरपूर. त्यामुळे पंजाबपासून बिहारपर्यंत एकच पांढरी चादर पसरते.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी भूगोलाच्या लॅबमधला ओला-सुका तापमापक मागून घेतला आणि हाऊसच्या मागच्या व्हरांड्यात लावला. रात्री साडेनऊला सुका ११, ओला १०. तक्त्यात पाहिले तर दवबिंदू साधारण ९. फरक दोन अंशांचा. सकाळी सहाला दोन्ही पारे ७ वर, म्हणजे फरक शून्य, आणि मेसच्या पायऱ्यांवरून झेंड्याचा खांब दिसत नव्हता. पण दवबिंदू ९ वरून ७ वर कसा आला? मघाशी तर म्हटले की तो बदलत नाही. उत्तर गवतावर होते : रात्रभर हवेतले पाणी दव होऊन खाली बसत गेले, हवेतली वाफ कमी झाली, म्हणून दवबिंदूही उतरला. वाफ तेवढीच असेल तोवरच तो स्थिर असतो.

दुसरी गोष्ट मला पुस्तकात वाचूनही पटली नव्हती. सूर्य उगवला की धुके लगेच विरत नाही, कित्येकदा आधी वाढते. कोवळ्या उन्हाने दवाची वाफ होऊन ती पुन्हा हवेत मिसळते, आणि हवा हलू लागल्याने खालचा थंड ओला थर वर पसरतो. त्या दिवशी सात वाजता मेसच्या भिंतीजवळचे कडुनिंबाचे झाड दिसत होते, साडेसातला तेही गेले. एअर विंगचे आमचे एक सर यावर सांगतात की ‘सूर्य आला, आता साफ होईल’ हे वाक्य वैमानिकाने घड्याळात पाहिल्याशिवाय बोलू नये.

हे इतके मोजायचे कारण सांगतो. दृश्यमानता १००० मीटरच्या खाली गेली की मेटारमध्ये त्याला धुके म्हणतात, त्याच्या वर ५००० मीटरपर्यंत विरळ धुके. नवीन वैमानिक डोळ्यांनी पाहून उडतो, आणि त्या प्रकारच्या उड्डाणाला १०,००० फुटांच्या खाली किमान ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. म्हणजे ज्याला आपण ‘जरासे धुरकट आहे’ म्हणतो तेसुद्धा त्याच्यासाठी बंद दारच आहे. प्रवासी विमाने दिल्लीला खूप कमी दृश्यमानतेत उतरतात, पण तिथे धावपट्टीवर, विमानात आणि वैमानिकाच्या प्रशिक्षणात, तिन्हीकडे खास व्यवस्था असते. त्यातले एकही नवशिक्याजवळ नसते.

बाहेर काही दिसले नाही तर काय होते, याचा प्रयोग १९५४ साली अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठात झाला. फक्त उपकरणे पाहून उडण्याचे शिक्षण न मिळालेले २० जण घेतले आणि त्यांना बाहेरचे दिसणार नाही अशी सोय केली. वीसच्या वीस जणांच्या हातून विमानाचा ताबा सुटला. सरासरी वेळ १७८ सेकंद, म्हणजे तीन मिनिटेही नाहीत. आपल्या सकाळच्या फॉल-इनमध्ये हजेरीला याहून जास्त वेळ जातो.

यात त्यांचा हात कच्चा होता असे नाही, दोष कानाचा आहे. कानाच्या आत तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात आणि त्यांत द्रव असतो. विमान वळू लागले की द्रव मागे राहतो आणि वळण कळते. पण तेच वळण थोडा वेळ चालू राहिले की द्रवही त्याच वेगाने फिरू लागतो आणि मेंदूला वाटते, आपण सरळ आहोत. मग खरोखर सरळ केले तर उलट्या बाजूला वळल्यासारखे वाटते, म्हणून माणूस पुन्हा पहिल्या वळणात जातो. वळणात नाक खाली येते, उंची कमी होते, तो दांडा मागे ओढतो, आणि वळण आणखी आवळते. क्षितिज दिसत असते तेव्हा डोळे कानाला खोटे पाडतात. धुक्यात ते साक्षीदारच नसतात.

तेच दोन आकडे ढगांचा तळही सांगतात. वर चढणारी हवा दर १००० फुटांना सुमारे ३ अंशांनी थंड होते आणि तिचा दवबिंदू सुमारे अर्ध्या अंशाने उतरतो. म्हणजे दोघे दर हजार फुटांना अडीच अंशांनी जवळ येतात. त्यावरून हिशेब असा : फरकाला ४०० ने गुणा, उत्तर आले तेवढे फूट उंचीवर ढगांचा तळ. हा हिशेब खालून तापून वर चढणाऱ्या किंवा डोंगराने वर ढकललेल्या हवेचा आहे, प्रत्येक ढगाला तो लागू नाही.

साताऱ्याकडच्या मुलांनी हे घरी जाऊन ताडून पाहावे. समजा जुलैत वाईला तापमान २६ आणि दवबिंदू २३ आहे. फरक ३, म्हणजे वाईपासून १२०० फुटांवर ढग. महाबळेश्वर वाईपेक्षा सुमारे २००० फुटांनी उंच, पाचगणीही फारशी खाली नाही. म्हणजे पसरणीचा घाट चढणारी एसटी अर्ध्याअधिक वाटेवरच ढगात शिरणार. आपण लहानपणी खिडकीतून हात बाहेर काढून ‘ढग लागला’ म्हणायचो, ते खरेच होते. त्याच डोंगराकडे कोणी विमान घेऊन निघाला असेल तर वाईचे आकाश उघडे आहे एवढ्यावर त्याने जाता कामा नये.

फरक कमी असतो तेव्हा आणखी एक धोका असतो, आणि तो बाहेर दिसतसुद्धा नाही. सेसना १५२ सारख्या प्रशिक्षण विमानात कार्ब्युरेटर असतो. त्याच्या अरुंद भागातून हवा वेगाने जाते आणि पेट्रोलची वाफ होते, त्यामुळे आतले तापमान तीसहून अधिक अंशांनीही पडू शकते. म्हणजे बाहेर २० अंश, छान गार हवा, आणि इंजिनाच्या घशात बर्फ. बारामती किंवा गोंदियाला, जिथे वैमानिक तयार होतात, पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळी ही शक्यता धरूनच चालावे लागते. इंजिनाचे फेरे हळूहळू कमी होतात. उपाय म्हणजे कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा खटका ओढणे. ओढल्यावर फेरे आधी आणखी पडतात, इंजिन खडखडतेही, कारण वितळलेला बर्फ आत जात असतो. नवशिका घाबरून खटका परत ढकलतो, आणि तिथेच घात होतो.

मग फरक मोठा असला की सगळे ठीक? नाही. मे महिन्यात इथे दुपारी तापमान ४२ आणि दवबिंदू १२ असतो असे धरा. फरक ३०, ढगांचा तळ १२,००० फुटांवर. त्या ढगातून पाऊस पडला तरी बराचसा वाटेतच आटून जातो. पाणी आटताना हवा थंड होते, माठातले पाणी गार होते त्याच कारणाने. थंड हवा जड असते, ती दगडासारखी खाली येते, जमिनीवर आपटते आणि चारी बाजूंना पसरते. इथली धुळीची आंधी पुष्कळदा अशाच वाऱ्याची असते. उतरणाऱ्या विमानाला आधी समोरून वारा मिळतो आणि वेग वाढल्यासारखे वाटते, लगेच वरून दाब येतो, आणि मग वारा पाठीमागून येऊन पंखांचा आधार काढून घेतो. १९७५ साली न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर वादळात उतरताना एक प्रवासी विमान पडले. त्याचा अभ्यास करताना तेत्सुया फुजिता या शास्त्रज्ञाने अशा खाली कोसळणाऱ्या वाऱ्याचा शोध लावला. तोवर असे काही असते यावर पुष्कळांचा विश्वासच नव्हता.

ज्यांना स्वतः मोजायचे आहे त्यांच्यासाठी : लॅबमध्ये एकच ओला-सुका तापमापक आहे आणि तो सध्या माझ्या नावावर आहे. पण दोन साधे तापमापक पुरतात. एकाच्या फुग्याला पातळ मलमलचा तुकडा गुंडाळा, त्याचे टोक पाण्याच्या बाटलीत सोडा, दोन्ही शेजारी टांगा. ऊन लागू देऊ नका आणि वाचण्याआधी वहीने तीन-चार मिनिटे वारा घाला, नाहीतर ओला पारा पुरेसा खाली येत नाही. कापड धुतलेले हवे, साबण राहिला तर आकडा चुकतो. दवबिंदूचा तक्ता लॅबच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला आहे. रात्री लाइट्स आउटच्या आधी एकदा आणि पहाटे एकदा नोंद करा, आणि शक्य झाले तर मध्ये झोपमोड झाली तेव्हाही. नुसता फरक किती यापेक्षा तो तासाभरात किती कमी झाला हे जास्त उपयोगी पडते.