🛻 पिकअप पुढून बसलेली दिसते? उचलण्याआधी टेप लावा



आजचा सल्ला पिकाचा नाही, पण आपला माल ज्या गाडीतून बाजारात जातो तिचा आहे. टोमॅटो-ढोबळीचा हंगाम जवळ आला की सभासद गाड्यांची कामं काढतात. त्यात एक प्रश्न हमखास येतो: "गाडी रिकामी असली की पुढून बसल्यासारखी, मागून उचललेली दिसते. खाचांचे शॉकअप टाकून पुढून उचलून घेऊ का?"

उत्तर "हो" किंवा "नाही" असं एका शब्दात देता येत नाही. मोजून देता येतं. हा मेसेज सेव्ह करून ठेवा.

*१) मागची बाजू उंच का असते?*
माल मागे बसतो म्हणून. मागचे पाटे रिकाम्या गाडीला कमानीसारखे वर असतात, माल भरला की सरळ होतात. म्हणजे रिकामेपणी दिसणारा तो उतार बिघाड नाही. बनवणाऱ्यांनी तो भरलेल्या गाडीचा विचार करून ठेवलेला असतो.

*२) शॉकअप वजन उचलत नाही*
वजन उचलते स्प्रिंग किंवा पाटा. शॉकअप फक्त उसळी आवरतो. मग शॉकअपने गाडी उंच कशी होते? काही गाड्यांना पुढे गोल स्प्रिंग असते आणि तिच्या आतून शॉकअप जातो. इसुझू डी-मॅक्स, टोयोटा हायलक्स या त्या प्रकारच्या गाड्या. खाचांच्या शॉकअपवर बाहेरून तीन-चार खाचा असतात. खाचेत रिंग बसते आणि रिंगवर स्प्रिंगची वाटी. रिंग वरच्या खाचेत गेली की वाटी वर जाते आणि गाडीचं नाक उचललं जातं.

आपल्या बऱ्याच सभासदांच्या गाड्यांना पुढेही पाटेच आहेत. त्यांना ही सेटिंग नसते. आधी गाडीखाली वाकून बघा, पुढे पाटा आहे की गोल स्प्रिंग. पाटा असेल तर मुद्दा ३, ४, ६ आणि ८ तुमच्यासाठी.

*३) खर्चाआधी हे तपासा*
✅ टायरची हवा. दाराजवळच्या स्टिकरवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचा आकडा असतो, त्याप्रमाणे.
✅ पुढची स्प्रिंग थकली आहे का, पाटा तुटला आहे का, बुश गेले आहेत का. एकच बाजू बसली असेल तर हे दुखणं जास्त संभवतं. थकलेली स्प्रिंग खाच बदलून बरी होत नाही, ती बदलावीच लागते.
✅ माल कुठे ठेवता? मागच्या एक्सलच्या मागे ठेवलेलं वजन पहारीसारखं काम करतं: मागचं दाबतं, पुढचं उचलतं. जड कॅरेट केबिनकडून लावत या, हलकी मागे. याला एक रुपया लागत नाही.

*४) मोजायचं कसं?*
जागा सपाट हवी. भुईकाट्याचं किंवा पेट्रोल पंपाचं काँक्रीट चांगलं. आधी गाडी रिकामी, मग नेहमीचा माल भरून, असं दोनदा मोजा.
▪️ चारही चाकांच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर.
▪️ हौद्याच्या पुढच्या टोकाची आणि मागच्या टोकाची जमिनीपासूनची उंची.
▪️ हौद्याची लांबी आणि पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्यातलं अंतर.
सगळे आकडे वहीत लिहा. डोळ्याने अंदाज घेऊ नका. बोनेटचा आकारच उतरता असतो, तो फसवतो.

*५) उदाहरण (आकडे समजण्यापुरते, तुमचे वेगळे येतील)*
हौदा २५० सेंमी, दोन चाकांत अंतर ३०० सेंमी.
रिकामी गाडी: हौद्याचं मागचं टोक ५ सेंमी उंच. म्हणजे १०० ला २ उतार.
५० कॅरेट भरून: मागचं टोक फक्त १.५ सेंमी उंच. म्हणजे १०० ला ०.६.

रिकामी गाडी सपाट दिसावी म्हणून नाक उचलायचं तर ३०० सेंमीला ६ सेंमी लागतील. पण भरलेल्या गाडीला सपाट व्हायला १.८ सेंमीच पुरतात. ६ सेंमी उचललंत तर माल भरल्यावर नाक ४.२ सेंमी जास्त वर, म्हणजे १०० ला १.४ इतकं आकाशाकडे.

म्हणून नियम लक्षात ठेवा: *हिशोब भरलेल्या गाडीचा करायचा, रिकाम्या गाडीचा नाही.* आणि निघालेल्या आकड्याच्या निम्म्यावर थांबा. कधी ५ कॅरेट जास्त येतात, कधी माल मागे सरकतो. इथे साधारण १ सेंमी पुरे.

*६) नाक वर गेलं तर काय होतं?*
⚠️ डिम लाइटचा झोत साधारण १०० ला १ इतका खाली झुकवलेला असतो. वरच्या उदाहरणात तो झुकाव संपून झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. पहाटे तीनला बाजाराला निघताना समोरून मोटारसायकलवाला येत असतो, हे विसरू नका.
⚠️ पुढच्या चाकांवरचं वजन कमी झालं की स्टिअरिंग हलकं लागतं. हे मुख्यतः मागे टाकलेल्या मालामुळे होतं. घाटात वळणावर आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना पुढच्या चाकांची पकडच कामाला येते.
डॅशबोर्डवर हेडलाइटचं ०-१-२-३ चं बटण असेल तर माल भरल्यावर आकडा वाढवा, रिकामी गाडी झाली की परत ० करा.

*७) खाच कोणती निवडायची?*
स्प्रिंगची वाटी जितकी वर जाते, त्यापेक्षा नाक जास्त उचललं जातं, साधारण दीडपट ते दुप्पट. कारण स्प्रिंग चाकावर नाही, आर्मच्या मध्यात बसते. पहार मध्ये थोडी हलली तरी टोक जास्त हलतं, तसंच. म्हणून १ सेंमी हवं असेल तर वाटी अर्धा-पाऊण सेंमीच वर न्यायची.
▪️ काम भागेल ती सगळ्यात खालची खाच घ्या.
▪️ दोन्ही बाजूंना एकच खाच.
▪️ खाचही वरची आणि वरून लोखंडी गुटकाही, असं दोन्ही करू नका. चाक खाली लोंबल्यावर बॉल जॉइंट आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो. फोर बाय फोरला पुढच्या शाफ्टवरही.
▪️ काम झाल्यावर गाडी थोडी चालवून आणा, मग पुन्हा मोजा. त्यानंतर व्हील अलाइनमेंट आणि हेडलाइट सेटिंग. अलाइनमेंट टाळलं तर टायर एका कडेने खातो.

🔴 *दाबलेली स्प्रिंग घरी उघडू नका.* तिच्यात इतका जोर असतो की निसटली तर माणूस जिवानिशी जाऊ शकतो. गोठ्यात जॅक लावून, दोरीने बांधून हे काम करायचं नाही. स्प्रिंग दाबायचं यंत्र असलेल्या जाणत्या मिस्त्रीकडेच द्या.

*८) कायदा*
गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत. आधी सर्व्हिस सेंटरला विचारा, गाडीच्या विम्यावर परिणाम होतो का तेही लेखी घ्या. गाडी उंच केली म्हणून पासिंगचं वजन वाढत नाही. जादा मालाला कलम १९४ प्रमाणे २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड आहे. एका खेपेचा नफा त्यात जातो.

*९) आणि माल?*
"उतारामुळे खालचे टोमॅटो दबतात" असं काही जण म्हणतात. १०० ला २ चा उतार फार थोडा. माल दबतो तो काठोकाठ भरलेल्या कॅरेटमुळे, सैल बांधणीमुळे आणि दगडासारख्या कडक टायरमुळे. कॅरेट दोन बोटं रिकामं ठेवा. मालाचं नुकसान थांबवायचं असेल तर पैसा आधी तिथे लावा.

📌 *थोडक्यात:* हवा → मालाची मांडणी → मोजमाप → भरलेल्या गाडीचा हिशोब → सगळ्यात खालची खाच → अलाइनमेंट व लाइट.

मोजलेले आकडे आणि गाडीचं मॉडेल या नंबरवर पाठवा, हिशोब मांडून देतो. मापं घेतल्याशिवाय मिस्त्रीला ॲडव्हान्स देऊ नका.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी