हातात क्यू आहे, यू नाही

इंग्रजी शब्दखेळात आपण अडतो ते शब्दसंग्रह तोकडा म्हणून कमी, अक्षरांकडे पाहायची सवय नाही म्हणून जास्त. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनी २०१५ साली फ्रेंच भाषेतली जागतिक स्क्रॅबल स्पर्धा जिंकली, तेव्हा त्यांना फ्रेंच बोलता येत नव्हतं. २०२४ साली स्पॅनिशमध्येही त्यांनी तेच करून दाखवलं. तेव्हा ‘माझं इंग्रजी कच्चं आहे’ हे कारण बाजूला ठेवा आणि पुढचं वाचा.

काय करावं

• खेळ नेमकं काय विचारतोय ते आधी ओळखा. स्क्रॅबलमध्ये रॅकवरच्या सात टाइल्स आणि पटावरची अक्षरं एवढंच भांडवल. एक टाइल एकदाच वापरता येते. स्पेलिंग बी या कोड्यात तेच अक्षर कितीदाही चालतं, पण मधलं अक्षर यावंच लागतं. वर्डलमध्ये अक्षराइतकीच त्याची जागा महत्त्वाची.

• स्क्रॅबलसाठी दोन अक्षरी शब्द पाठ करा. सगळ्या अभ्यासात सर्वांत जास्त फळ देणारा हाच. कॉलिन्स कोशाच्या शब्दयादीत ते सव्वाशेच्या आसपास आहेत, अमेरिकी यादीत शंभराहून थोडे जास्त. महिनाभर रोज चार-पाच घेतले तरी संपतात. त्यातही एक्सचे पाच आधी घ्या: ए-एक्स, ई-एक्स, ओ-एक्स, एक्स-आय, एक्स-यू. एक्सला आठ गुण आहेत. तो दुप्पट किंवा तिप्पट गुणांच्या घरात बसला आणि आडवा-उभा दोन्हीकडे शब्द झाला, तर एवढ्याशा चालीत तीस ते पन्नास गुण पदरात पडतात. व्ही मात्र एकाही दोन अक्षरी शब्दात नाही. तो आला की लांब शब्दच शोधावा लागतो.

• क्यूला घाबरू नका. क्यूमागे यू हवाच, ही शाळेतली शिकवण इथे पुरी पडत नाही. क्यू-आय म्हणजे चिनी विचारातली प्राणशक्ती. क्यू-ए-टी ही येमेनमध्ये पानं चघळतात ती वनस्पती. शिवाय एफ-ए-क्यू-आय-आर म्हणजे आपला फकीर, आणि एन-आय-क्यू-ए-बी म्हणजे नकाब. एवढे चार लक्षात असले तरी दहा गुणांचा क्यू शेवटपर्यंत हातात कुजत नाही.

• टाइल्स हलवत राहा. डोळे एका क्रमाला चिकटले की मेंदूही चिकटतो. शेवटाला लागणारे आय-एन-जी, ई-आर, ई-डी आणि सुरुवातीचे आर-ई, यू-एन हे गट रॅकच्या कडेला काढा आणि उरलेल्या अक्षरांत मूळ शब्द शोधा. आर-ई-टी-ए-आय-एन-एस या सात अक्षरांतून ‘रिटेन्स’ निघतो, तसे ‘नॅस्टियर’, ‘रेटिनाज’ आणि ‘स्टेनर’ही निघतात. सातही टाइल्स एकदम लावल्या की पन्नास गुण वरचे मिळतात. पटावर कुठला बसतो एवढंच मग पाहायचं.

• आपल्या घरातले शब्द वापरा. एच जास्त झाले की हे फार कामी येतात: घाट, घी, लाख, धोती, धरणं. डाळ तर डी-ए-एल, डी-एच-ए-एल आणि डी-ए-एच-एल अशा तिन्ही स्पेलिंगांनी चालते. जे-ओ-डब्ल्यू-ए-आर ही ज्वारीही कॉलिन्समध्ये आहे. घेराव आहे, आणि त्याचं क्रियापदही होतं. आपली इतकी माणसं हे शब्द बोलतात आणि खेळायला बसल्यावर ते इंग्रजी नाहीत म्हणून सोडून देतात, याची खरोखर हळहळ वाटते.

• वर्डलमध्ये आय-जी-एच-टी हिरवं झालं, म्हणजे जागच्या जागी पक्कं झालं, तर लाइट, नाइट, माइट, साइट, फाइट असं एकेक करत बसू नका. सहा संधी बघता बघता संपतात. कठीण पर्याय (हार्ड मोड) निवडलेला नसेल तर एफ-आय-एल-एम-एस टाका. एफ, एल, एम, एस या चारही अक्षरांचा निकाल एकाच फेरीत लागतो.

काय टाळावं

• उच्चारावरून शब्द शोधणं. मराठी माणसाचा सर्वांत मोठा अडथळा हाच. देवनागरीत बरंचसं बोलतो तसं लिहितो, त्यामुळे आपण ओठांवर ध्वनी घोळवत बसतो आणि न उच्चारलेली अक्षरं दिसतच नाहीत. हातात के आणि एन असूनही ‘नॉट’ किंवा ‘नील’ सुचत नाही, कारण कानाला तिथे के नसतो. डब्ल्यू-आर, जी-एन, शेवटचं एम-बी या जोड्या डोळ्यांनीच शिकाव्या लागतात. वायलाही स्वर समजा. ‘रिदम’, ‘लिंक्स’, ‘जिप्सी’ त्याच्याच बळावर उभे आहेत.

• एस पाच-सात गुणांसाठी उधळणं. शंभर टाइल्समध्ये ई बारा आहेत, एस फक्त चार. खेळाचे जनक आल्फ्रेड बट्स यांनी वर्तमानपत्रांतली अक्षरं मोजून हे प्रमाण ठरवलं, पण अनेकवचनं फार सोपी होऊ नयेत म्हणून एस मुद्दाम कमी ठेवले.

• हाताशी असेल तो कोश प्रमाण मानणं. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्सच्या यादीवर होतात, अमेरिकेतल्या वेगळ्या यादीवर. सी-एच पहिल्या यादीत चालतो, दुसरीत नाही. घरी खेळतानाही यादी आधी ठरवा. समोरच्याने आव्हान दिलं आणि शब्द खोटा निघाला, तर टाइल्स उचलाव्या लागतात आणि चाल फुकट जाते.

• खेळ चालू असताना मोबाइलवरचा शब्दशोधक उघडणं. समोरच्यावर तो अन्याय आहे. खेळ संपल्यावर मात्र जरूर उघडा. ज्या रॅकवर अडलात ती अक्षरं लिहून ठेवा, कोणतंही अक्षर मानता येणाऱ्या कोऱ्या टाइलच्या जागी प्रश्नचिन्ह घाला आणि आलेल्या यादीत आधी तुम्हाला माहीत असूनही न दिसलेले शब्द पाहा. अनोळखी शब्दांचा नंबर त्यानंतर.