नमुना आधी, स्वेटर नंतर

(लोकरीचे कपडे विणताना किती टाके घालायचे आणि किती ओळी विणायच्या, हे अंदाजाने ठरवता येत नाही. त्यासाठी आधी एक छोटा नमुना विणून मोजावा लागतो. या पाठातील मुलीने सुरुवातीला तसे केले नाही. त्यामुळे काय झाले आणि तिने आपली चूक कशी सुधारली, ते वाचू या.)

आमचे घर मालेगावात आहे. नाशिक जिल्ह्यातील हे शहर यंत्रमागांसाठी प्रसिद्ध आहे. आमच्या गल्लीत मागांचा खडखडाट सतत कानांवर पडतो. माझे अब्बाही मागावरच काम करतात.

डिसेंबर महिना लागला, की आमच्याकडे पहाटे चांगलीच थंडी पडते. माझा धाकटा भाऊ मुन्ना पहिलीत आहे. त्याची शाळा सकाळी सात वाजता भरते. गेल्या वर्षीचा स्वेटर त्याला आखूड झाला होता. हात वर केला, की बाही कोपराजवळ जाई. मी अम्मीला म्हणाले, "नवा स्वेटर विकत आणू नकोस. मी विणते."

मला विणकाम थोडेफार येत होते. सुलटा टाका, उलटा टाका आणि टाके बंद करणे मी शिकले होते. एक मफलरही विणला होता. माझ्याजवळ ईदीचे पैसे साठलेले होते. त्यांतून मी निळ्या लोकरीच्या पाच लड्या आणल्या. दुकानदार म्हणाले, "या रंगाच्या एवढ्याच लड्या उरल्या आहेत. पुढचा माल येईल, त्याची छटा थोडी वेगळी असेल."

विणकामाच्या एका पुस्तकात मुन्नाच्या मापाचा स्वेटर होता. त्यात लिहिले होते, '८ नंबरच्या सुयांवर ७४ टाके घालावेत.' घरात ६ नंबरच्या सुया होत्या. मला वाटले, सुयांनी काय फरक पडणार? मी ७४ टाके घातले आणि कामाला लागले. अभ्यास झाला, की मी विणत बसे. पुस्तकात सांगितलेल्या ओळी मी मोजून विणल्या. एकही टाका चुकू दिला नाही. पंधरा दिवसांत मागचा भाग पूर्ण झाला.

मोठ्या आनंदाने मी मुन्नाला बोलावले आणि तो भाग त्याच्या पाठीला लावला. पाहते तर काय! दोन्ही कडा त्याच्या काखेतून पुढे आल्या होत्या. खालची बाजू मांडीपर्यंत पोहोचली होती. मुन्ना म्हणाला, "आपा, हा स्वेटर अब्बांचा आहे का?" सगळे हसले. मला मात्र रडू आले. पाच लड्यांपैकी जवळजवळ दोन लड्या संपल्या होत्या. पुढच्या भागाला आणखी दोन लागल्या असत्या. मग एका लडीत दोन बाह्या कशा होणार? आणि त्याच रंगाची लोकर तर दुकानात नव्हती.

संध्याकाळी मी खालांकडे गेले. त्या शेजारच्या गल्लीत राहतात. त्यांचे विणकाम फार सुबक असते. त्यांनी माझे काम हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि टेप लावला. दहा सेंटिमीटरमध्ये १८ टाके भरले.

"पुस्तकात किती लिहिले आहेत?" त्यांनी विचारले.

मी पुस्तक उघडले. पानाच्या वरच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिले होते, '१० सेंमी = २२ टाके, ३० ओळी.' ती ओळ मी वाचलीच नव्हती.

खाला म्हणाल्या, "बेटी, सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच आहे. काही पुस्तकांत हिला 'गेज' म्हणतात, काहींत 'टेन्शन'. आपण टाक्यांचे प्रमाण म्हणू. पुस्तक लिहिणाऱ्या बाईच्या हाताने दहा सेंटिमीटरमध्ये २२ टाके बसले. तुझ्या हाताने १८ बसले. आता तूच हिशेब कर. तुझ्या ७४ टाक्यांची रुंदी किती झाली?"

मी कागदावर मांडले. ७४ ला १८ ने भागले आणि १० ने गुणले. उत्तर आले, सुमारे ४१ सेंटिमीटर. मुन्नाला हवी होती ३३ सेंटिमीटर. एका भागात ८ सेंटिमीटर जास्त, म्हणजे दोन भागांत १६ सेंटिमीटर! टाके मी अगदी बरोबर मोजले होते, पण माप चुकले होते.

"याचे एक कारण सुया," खाला म्हणाल्या. "आपण वापरतो त्या सुयांचा नंबर जितका लहान, तितकी सुई जाड असते. ८ नंबरची सुई ४ मिलिमीटर जाडीची आणि ६ नंबरची ५ मिलिमीटरची. जाड सुईवर टाका मोठा होतो. दुसरे कारण म्हणजे तुझा हात सैल आहे. तो काही दोष नाही. कोणी धागा ओढून विणते, कोणी सैल सोडते. जसे प्रत्येकाचे हस्ताक्षर वेगळे, तसाच प्रत्येकाचा टाका वेगळा. म्हणून आधी आपल्या हाताचे माप घ्यायचे."

सगळे उसवावे लागणार होते. खालांनी टोक सोडवून माझ्या हातात दिले. पंधरा दिवसांचे काम अर्ध्या तासात सुटले. उसवलेली लोकर नागमोडी झाली होती. आम्ही तिची लडी केली, चार ठिकाणी सैल बांधली, कोमट पाण्यात बुडवली आणि सावलीत वाळत टाकली. वाळल्यावर लोकर पुन्हा सरळ झाली.

मग खालांनी मला ८ नंबरच्या सुया दिल्या आणि नमुना विणायला लावला. मी ३० टाके घातले. एक ओळ सुलट, एक ओळ उलट, अशा ४२ ओळी विणल्या. हातरुमालापेक्षाही लहान असा चौकोनी तुकडा तयार झाला. मी लगेच टेप उचलला, पण खालांनी मला थांबवले. "स्वेटर धुतला जातो ना? मग नमुनाही धुवायला हवा. धुतल्यावर काही लोकर पसरते, काही आटते." आम्ही तुकडा धुतला आणि न ओढता सपाट पसरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तुकडा वाळला. खालांनी मोजण्याची रीत दाखवली. कडेचे टाके वळलेले असतात, म्हणून कडेपासून मोजायचे नाही. मधल्या भागात एक टाचणी लावायची. तेथून दहा सेंटिमीटरवर दुसरी टाचणी लावायची. दोन्ही टाचण्यांमधील टाके मोजायचे. सुलट बाजूने प्रत्येक टाका उर्दूतील सात या अंकासारखा दिसतो, म्हणून मोजणे सोपे जाते. अर्धा टाका आला, तर तोही सोडायचा नाही. अशाच रीतीने उभ्या दिशेने ओळी मोजायच्या. दोन-तीन ठिकाणी मोजून खात्री करायची.

माझ्या नमुन्यात दहा सेंटिमीटरमध्ये २० टाके आणि २८ ओळी भरल्या.

"अजून पुस्तकाएवढे २२ होत नाहीत," मी निराश होऊन म्हणाले.

"मग दोन उपाय आहेत," खाला म्हणाल्या. "आणखी बारीक सुया घेऊन पुन्हा नमुना विणायचा. किंवा विणलेला तुकडा मऊ आणि भरीव असेल, तर तेच प्रमाण धरून टाके नव्याने ठरवायचे. तुझा तुकडा छान झाला आहे. आपण हिशेबच करू."

रात्री अब्बा कामावरून आले. त्यांनी तो तुकडा आणि टाचण्या पाहिल्या. मी सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, "अरे, हे तर आमचेच काम! कापडात उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. एका इंचात ताण्याचे धागे किती आणि बाण्याचे किती, हे आम्ही भिंगाखाली मोजतो. तागा कितीही लांब असो, त्याची परीक्षा त्या एका इंचात होते." अब्बांचे काम आणि माझे काम इतके सारखे असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन बसले. खालांनी दोन सूत्रे लिहून दिली :

टाके = रुंदी (सेंमी) × १० सेंमीतील टाके ÷ १०
ओळी = लांबी (सेंमी) × १० सेंमीतील ओळी ÷ १०

मुन्नाच्या छातीचा घेर ६० सेंटिमीटर होता. स्वेटर शर्टावर घालायचा, म्हणून ६ सेंटिमीटर सैल धरले. एकूण ६६, म्हणजे एका भागाची रुंदी ३३ सेंटिमीटर. ३३ ला २० ने गुणून १० ने भागले. उत्तर आले ६६ टाके. शिवणीत दोन्ही कडांचा एकेक टाका जातो, म्हणून दोन टाके वाढवले. ६८ झाले.

"आता काठाचा विचार कर," खाला म्हणाल्या. "काठाला दोन सुलट, दोन उलट अशी वीण आहे. चार टाक्यांचा एक गट होतो. सुरुवातीला दोन सुलट आणि शेवटीही दोन सुलट यावेत, म्हणजे शिवणीत वीण तुटत नाही. त्यासाठी चारच्या पटीत दोन मिळवायचे."

६८ ला चारने पूर्ण भाग जातो, म्हणून तो आकडा जमेना. ६६ घ्यावे, की ७०? वाढत्या मुलाला थोडे सैल असलेले बरे, असे म्हणून आम्ही ७० टाके ठरवले.

मग लांबी पाहिली. एकूण लांबी ४० सेंटिमीटर हवी होती. त्यांपैकी ५ सेंटिमीटर काठ १० नंबरच्या बारीक सुयांवर विणायचा होता. उरले ३५ सेंटिमीटर. ३५ ला २८ ने गुणून १० ने भागले. उत्तर आले ९८ ओळी. वरच्या १६ सेंटिमीटरवर बाही जोडायची होती. त्यासाठी शेवटच्या ४४ ओळी ठेवल्या आणि ५४ व्या ओळीवर खूण म्हणून लाल दोरा बांधला.

बाहीचा हिशेब मी एकटीने केला. मनगटाजवळ १८ सेंटिमीटर, म्हणजे ३६ टाके. शिवणीचे २ मिळवून ३८. वर ३२ सेंटिमीटर, म्हणजे ६४ टाके आणि शिवणीचे २ मिळून ६६. म्हणजे २८ टाके वाढवायचे. एका वेळी दोन्ही कडांना एकेक टाका वाढतो, म्हणून १४ वेळा वाढवायचे. काठ सोडून बाहीची लांबी २५ सेंटिमीटर, म्हणजे ७० ओळी. दर चौथ्या ओळीला टाके वाढवले, तर ५६ ओळी होतात. उरलेल्या १४ ओळी सरळ विणायच्या. खालांनी वही पाहिली आणि म्हणाल्या, "शाबास! आता तुला कोणत्याही पुस्तकातला स्वेटर विणता येईल."

मी पुन्हा विणायला बसले. या वेळी दर दोन-तीन दिवसांनी टेप लावून पाहत होते. कारण दहा सेंटिमीटरमध्ये एका टाक्याचा फरक लहान दिसतो, पण तो वाढत जातो. पुढचे आणि मागचे मिळून माझे १४० टाके होते. दहा सेंटिमीटरमध्ये २० ऐवजी १९ टाके बसले असते, तर त्यांची रुंदी ७० सेंटिमीटरऐवजी जवळजवळ ७४ सेंटिमीटर झाली असती.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात स्वेटर शिवून तयार झाला. थंडी अजून होती. मुन्नाने स्वेटर घातला आणि दोन्ही हात वर केले. बाही मनगटावरच राहिली. मी छातीवर टेप लावला. ६८ सेंटिमीटर! हिशेबात होते तेवढेच. साडेचार लड्या लागल्या होत्या. अर्धी लडी उरली.

तो छोटा निळा नमुना मी वहीत चिकटवला. त्याखाली सुईचा नंबर, टाके आणि ओळी लिहून ठेवल्या. मुन्नाने त्यावर बोट ठेवून विचारले, "आपा, एवढासा तुकडा कोणाचा?"

मी म्हणाले, "हा तुझ्या स्वेटरचा उस्ताद आहे."

शब्दार्थ
टाका – सुईवर घेतलेला लोकरीचा फास
लडी – धाग्याची किंवा लोकरीची जुडी
उसवणे – विणलेले किंवा शिवलेले सोडवणे
नागमोडी – वळणावळणाचे
आटणे – आकाराने कमी होणे
तागा – कापडाचा लांब, न कापलेला पट्टा
भिंग – बारीक वस्तू मोठी दाखवणारी काच
सुबक – सुंदर, नीटनेटके

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मुलीने लोकर कोणत्या पैशांतून आणली?
(२) पुस्तकातील कोणती ओळ मुलीने वाचली नव्हती?
(३) नमुना मोजण्यापूर्वी खालांनी तो का धुतला?
(४) अब्बा कापडाची परीक्षा कशी करतात?

प्र. २. कारणे लिहा.
(१) मुन्नाच्या पाठीला लावलेला भाग फार मोठा झाला.
(२) ६८ ऐवजी ७० टाके घेतले.
(३) नमुन्याच्या कडेपासून टाके मोजायचे नाहीत.

प्र. ३. विरुद्धार्थी शब्द लिहा.
सुलट, जाड, सैल, आखूड, आनंद

प्र. ४. हिशेब करा.
(१) दहा सेंटिमीटरमध्ये २४ टाके आणि ३२ ओळी बसतात. २५ सेंटिमीटर रुंद आणि १५० सेंटिमीटर लांब मफलरासाठी किती टाके आणि किती ओळी लागतील?
(२) दोन मुलींनी ८०-८० टाके घातले. एकीच्या दहा सेंटिमीटरमध्ये २० टाके बसतात, दुसरीच्या १६. दोघींच्या विणकामाची रुंदी किती होईल?

प्र. ५. तुमच्या घरात किंवा परिसरात कोणत्या कामात आधी नमुना करून पाहतात? त्याविषयी पाच-सहा वाक्ये लिहा.

उपक्रम : घरातील एखादा विणलेला स्वेटर सपाट पसरून ठेवा. त्याच्या मधल्या भागातील दहा सेंटिमीटरमध्ये किती टाके आणि किती ओळी आहेत, ते मोजा. वर्गातील मित्र-मैत्रिणींच्या आकड्यांशी त्यांची तुलना करा.