कयाकवरचे रीळ आणि खारी हवा

समुद्रात किंवा खाडीत कयाकवरून मासे गरवणाऱ्यांच्या साहित्यात सर्वांत आधी निकामी होणारी वस्तू म्हणजे रीळ. मोठ्या होडीच्या काठाशी उभे राहून गरवणाऱ्याचे रीळ पाण्यापासून बरेच उंच असते. उलट, वर बसून चालवायच्या कयाकमध्ये बैठकच पाण्यापासून जेमतेम वीतभर उंचीवर असल्यामुळे मांडीवरचे रीळ वल्ह्याच्या प्रत्येक फटकाऱ्याबरोबर भिजते, पाठीमागच्या खोबणीत रोवलेले रीळ आडव्या लाटेखाली सापडते, आणि किनाऱ्याला लागताना फुटत्या लाटेने कयाक उलटली तर ते वाळूसकट बुडते. मोठ्या होडीसाठी किंवा खडपावरून गरवण्यासाठी उत्तम ठरलेले रीळ कयाकवर टिकेलच, असे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

कोकणातल्या खाड्यांत जिताडा आणि तांबोशी यांच्या मागे लागलेल्या हौशी मंडळींच्या नादुरुस्त रिळांची हकिकत तपशिलात फारशी बदलत नाही. खोक्यावर छापलेला ड्रॅगचा मोठा आकडा आणि बेअरिंगची भरघोस संख्या पाहून रीळ घेतले जाते, पहिला हंगाम विनातक्रार पार पडतो, दर फेरीनंतर ते नळाच्या जोरदार धारेखाली धरून पुसले जाते, आणि पावसाळा तोंडावर आला की कपाटात जाते. नारळी पौर्णिमेनंतर ते बाहेर निघते तेव्हा हँडल फिरवताना आत वाळू भरडल्यासारखी खरखर जाणवते, दोऱ्याला वळण देणारा लाइन रोलर जागचा हलत नाही, आणि पहिल्याच मोठ्या माशाच्या धावेत ड्रॅग सरकण्याऐवजी झटके देतो व दोरा तुटतो. उघडून पाहिले तर पांढरे ग्रीस चहाच्या रंगाचे झालेले असते आणि ॲल्युमिनियममध्ये बसवलेल्या पोलादी स्क्रूभोवती पांढरी भुकटी जमलेली दिसते. ज्या काळात रीळ पाण्याजवळ गेलेलेच नव्हते, त्याच काळात ते सर्वाधिक खराब झालेले असते.

याचे कारण मिठाच्या स्वभावात आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि पाणी सुकले तरी ते जागच्या जागी राहतात. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांवर गेली की हवेतले बाष्प ओढून स्वतःच विरघळू लागते; समुद्री क्षारांतील मॅग्नेशियम क्लोराइड तर सुमारे ३३ टक्क्यांनाच ओले होते. किनारपट्टीच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, रिळात उरलेला क्षार अशा रीतीने पुन्हा पुन्हा ओला होतो. दोन भिन्न धातूंच्या सांध्यात असे खारे पाणी राहिले की त्यांच्यात सूक्ष्म विद्युतप्रवाह सुरू होऊन अधिक क्रियाशील धातू झिजतो. यालाच गॅल्व्हानिक गंज म्हणतात, आणि पोलादी स्क्रूभोवतीची पांढरी भुकटी हे त्याचे ठळक चिन्ह होय. मॅग्नेशियम या बाबतीत ॲल्युमिनियमहूनही नाजूक असल्याने त्याचे हलके, महागडे सांगाडे वरचा लेप शाबूत असेतोवरच सुरक्षित राहतात, आणि कयाकच्या कडेवर आपटून तो लेप उडायला वेळ लागत नाही.

निवडीचा विचार रिळाच्या प्रकारापासून सुरू होतो. स्पिनिंग रिळात दोरा फेकताना स्पूल स्थिर राहतो व दोरा त्याच्या तोंडावरून वेटोळ्यांनी सुटतो; या रचनेचे पेटंट ब्रॅडफर्डच्या कापड उद्योगातील आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी १९०५ साली घेतले आणि तिची प्रेरणा गिरणीतल्या बॉबिनची होती, असे सांगितले जाते. मल्टिप्लायर प्रकारात दोऱ्याबरोबर स्पूलही फिरतो, त्यामुळे अंगठ्याचा अंदाज चुकला की गुंता होतो. आमिष मागे सोडून वल्हवत जाण्यासाठी किंवा खोल तळाशी शिसे सोडण्यासाठी मात्र हा प्रकार भक्कम व खोलायला सोपा आहे. बसल्या जागेवरून, ओल्या हाताने आणि डुलत्या बैठकीवर फेक करायची असेल तर स्पिनिंग रीळच सोयीचे पडते. त्याचा आकार खाडीसाठी साधारण ३००० ते ५००० क्रमांकांत शोधावा. हे क्रमांक सर्व उत्पादकांकडे सारख्या मापाचे नसल्यामुळे वजन आणि दोरा मावण्याची क्षमता पाहूनच खात्री करावी.

ड्रॅग म्हणजे ठरावीक ताणापलीकडे दोरा सुटू देणारी, एकावर एक रचलेल्या चकत्यांची घर्षणयंत्रणा. खोक्यावरचा १५ किंवा २० किलोचा आकडा या चकत्या जास्तीत जास्त किती ताण रोखू शकतात ते सांगतो, आणि कयाकवर तो जवळजवळ निरर्थक आहे. एवढ्या ताणाने आडवे खेचले गेल्यास मासा येण्याऐवजी माणूस पाण्यात जातो. शिवाय माशाने ओढ दिली की हलकी कयाकच त्याच्यामागे सरकते आणि दोऱ्यावरचा ताण आपोआप कमी होतो. म्हणजे कयाक हाच एक ड्रॅग असतो, जो होडीवर किंवा खडपावर मिळत नाही. कयाक नांगरलेली असेल तर हा लाभ उरत नाही, आणि मोठा मासा लागल्यावर नांगर तरंगत्या खुणेसह सोडून देण्याची सोय का ठेवतात हे तेव्हाच उमजते. सर्वसाधारण नियम असा की ड्रॅग दोऱ्याच्या तुटण्याच्या ताणाच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर लावावा. १२ किलोच्या दोऱ्याला तो ३ ते ४ किलो येतो आणि कयाकवर यांपैकी खालचा आकडा धरणे शहाणपणाचे. ताण बोटांच्या अंदाजाने ठरवू नये. स्प्रिंगच्या काट्याला दोरा बांधून, रॉड वाकवून मोजावा, कारण वाकलेल्या रॉडच्या कड्यांतून जाताना घर्षण वाढते. ताण किती यापेक्षा दोरा सुटायला लागतानाचा पहिला क्षण किती गुळगुळीत आहे, हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

जलरोधकतेचे आकडेही नीट वाचावे लागतात. आयपीएक्स ५ हा दर्जा ६.३ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर वेगाने येणाऱ्या धारेच्या चाचणीवर, तर आयपीएक्स ६ हा १२.५ मिलिमीटरच्या तोटीतून मिनिटाला १०० लिटर पाण्याच्या चाचणीवर मिळतो. पाण्यात बुडवण्याची चाचणी, म्हणजे १ मीटर खोलीवर ३० मिनिटे, आयपीएक्स ७ पासून सुरू होते. उलटलेल्या कयाकखालचे रीळ बुडते, त्याच्यावर नुसती धार पडत नाही, हा फरक जाहिरातीत सहसा येत नाही. चाचणीचे पाणी गोडे असते आणि रबरी सील नवे असतात, हेही ध्यानात ठेवावे. बेअरिंगच्या संख्येचा मोह तर सोडूनच द्यावा: कठीण पोलादाचे प्रत्येक बेअरिंग ही गंजाची एक नवी जागा असते, त्यामुळे चांगले सील केलेली पाच-सहा बेअरिंग उघड्या दहांपेक्षा बरी. कार्बन मिसळलेल्या प्लास्टिकचा सांगाडा गंजत नाही, पण ताणाखाली तो किंचित मुरडतो आणि दातेरी चाकांची जुळणी बिघडते. मध्यम किमतीत ॲल्युमिनियमचा सांगाडा व सुटे भाग मिळण्याची खात्री, एवढे साधले तरी पुष्कळ झाले.

फेरीनंतरच्या धुण्यात क्रम महत्त्वाचा आहे. उन्हात तापलेल्या रिळातली हवा प्रसरण पावलेली असते. ते लगेच गार पाण्यात बुडवले की हवा आकुंचन पावून सीलच्या कडेने पाणी आत ओढते. म्हणून रीळ आधी सावलीत निवू द्यावे, ड्रॅगची गुंडी घट्ट आवळून चकत्यांकडे जाणारी वाट बंद करावी, आणि गोड्या पाण्याचा हलका फवारा मारावा. जोरदार धार क्षार धुण्याऐवजी आत ढकलते, आणि बादलीत भिजत ठेवणे त्याहून वाईट. नंतर झटकून, मऊ फडक्याने टिपून, ड्रॅग पूर्ण सैल करून ते वाऱ्यावर वाळवावे. ड्रॅग आवळलेला राहिला तर चकत्या दबून चिकटतात आणि पुढच्या खेपेस झटके देतात. विणलेला दोरा पाणी शोषून धरतो आणि त्याच्या खालच्या थरांतला क्षार स्पूलचा धातू खातो, त्यामुळे अधूनमधून दोरा स्पूलवरून उतरवून गोड्या पाण्यात खळबळावा.

वंगणाच्या बाबतीत जास्त घालण्याचा हात आवरावा लागतो. दातेरी चाकांना समुद्री वापराचे ग्रीस, बेअरिंगला व लाइन रोलरला पातळ तेलाचा एखादा थेंब, कार्बनच्या चकत्यांना फक्त ड्रॅगसाठीचे ग्रीस, अशी वाटणी असते. हँडल उलटे फिरू न देणाऱ्या एकमार्गी क्लचमध्ये बारीक लाटण्या असतात. त्यांना ग्रीस लागले की त्या घसरतात आणि ऐन झुंजीत हँडल उलटे गरगरते. पाणी हटवणारा फवारा हे वंगण नव्हे. तो आतले ग्रीसच विरघळवून नेतो. लाइन रोलर दर फेरीआधी बोटाने फिरवून पाहावा, कारण तो अडला की दोरा त्याच्यावर घासून विरतो आणि त्याला पीळही पडतो. वाळूत पडलेले रीळ हँडल न फिरवता आधी धुवावे. एक वळसा दिला तरी कण चाकांच्या दातांत जातात.

पावसाळ्यापूर्वी रीळ खोलून, जुने ग्रीस पुसून, नवे लावून ते सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणबंद डब्यात ठेवणे हा खर्च नगण्य आहे. जुने रीळ विकत घेतानाही याच जागा तपासाव्यात: स्पूल काढून मधल्या दांड्यावर खड्डे पडले आहेत का, स्क्रूभोवती भुकटी आहे का, दोरा हळू ओढल्यावर ड्रॅग एकसारखा सरकतो का. बाहेरची चकाकी पॉलिशनेही येते. दांड्यावरचे खड्डे बुजवता येत नाहीत.