जेवायच्या वेळचा देव (श्रीगुरुचरित्र, अध्याय ८)



हा अध्याय बरेच जण मुलांच्या अभ्यासासाठी वाचतात. मंदबुद्धी मुलगा श्रीपाद श्रीवल्लभांच्या कृपेने विद्वान होतो, म्हणून. मी काल रात्री तो वेगळ्याच कारणाने उघडला.

शेलूबाजारला माझं मोबाईल दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. बायको जाऊन तीन वर्षं झाली. मुलगा दुसरीत. काल दिवेलागणीला शेजारच्या काकूंकडून त्याला घेऊन घरी आलो नि कणीक मळायला बसलो. त्याने तेवढ्यात आईच्या फोटोसमोर पाट मांडला होता. त्यावर अंगणातले खडे, तगरीची फुलं आणि सकाळच्या चहासाठी ठेवलेलं सगळं दूध. जेवायला तीनदा हाक मारली. चौथ्यांदा मी उठलो आणि पाटावरचं सगळं मोरीत ओतलं. तो रडला नाही. अर्धी पोळी खाल्ली आणि झोपला.

मग मी पोथी काढली.

या अध्यायातली अंबिका एकटी आई आहे. नवरा वेदशास्त्र जाणणारा, पण मुलाला काही येत नाही म्हणून त्याला मारायचा. तिनेच त्याला थांबवलं. पुढे नवरा गेला. मायलेक भिक्षा मागून जगू लागले, वर लोकांची बोलणी. शेवटी दोघं जीव द्यायला कृष्णेवर आली. तिथे श्रीपाद श्रीवल्लभ स्नान करत होते. तिने त्यांना नमस्कार केला आणि मनातलं सांगितलं. (तुमच्यापैकी कुणाच्या मनात असं काही येत असेल, तर तुम्हीही कुणाला तरी सांगाच. अंबिका बोलली म्हणून वाचली.)

स्वामींनी तिला शनिप्रदोषाची गोष्ट सांगितली. उज्जैनीत राजा चंद्रसेन शिवपूजा करतो. ते पाहून गवळ्यांची पोरं दगडाचं लिंग करून पूजा-पूजा खेळतात. प्रदोषकाळ म्हणजे सूर्यास्तानंतरची वेळ; तीच जेवायला हाका मारायची वेळ. बाकीची मुलं उठतात, एक उठत नाही. त्याची आई चिडून येते, पूजा मोडून टाकते नि निघून जाते. मुलगा मूर्च्छित पडतो. शंकर तिथेच प्रकट होतात, वर माग म्हणतात. मुलगा आधी काय मागतो? आईवर कोपू नका, एवढंच. आणि देव त्या आईलाही वर देतो.

इथे मी पोथी मिटून बराच वेळ बसलो. खचलेल्या अंबिकेला स्वामींनी एखाद्या आदर्श मातेची कथा सांगितली असती तर ती आणखीच खचली असती. त्यांनी सांगितली ती दमलेल्या, वैतागलेल्या आईची गोष्ट. तिच्या हातून पूजा मोडली, तरी देव परत गेला नाही. हीच अंबिका पुढच्या जन्मी आमच्या कारंज्याला जन्मली आणि नृसिंहसरस्वतींची आई झाली. लहानपणी कारंज्याला कितीदा दर्शनाला गेलो, पण त्या गुरुमाऊलीची ही मागची कथा कधी नीट ध्यानात घेतली नव्हती.

स्वामींनी डोक्यावर हात ठेवला आणि मुलगा ज्ञानी झाला, हे मी श्रद्धेने वाचतो. माझ्या पोराचे पाढे मात्र मलाच घ्यावे लागणार! सकाळ-संध्याकाळ ओरडणारा बाप आणि त्याला अडवणारी आई, दोन्ही कामं आता माझ्याचकडे आहेत, आणि काल दुसरीची पाळी आलीच नाही.

आज सकाळी डबा भरताना त्याला म्हटलं, "काल बाबा चुकला. ते पुन्हा मांडायचं का?"

तो बुटाची लेस बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "आता नाई बाबा, शाळेची गाडी येते. संध्याकायी मांडू. पण दूध जास्त लागन."

आज शटर सहालाच ओढतो आहे. येताना अर्धा लिटर जास्तीचं घेईन.