रुग्णालयातील वृद्धांचा चित्तभ्रम

नागपूर येथे १९४७ साली स्थापन झालेल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय विदर्भात ‘मेडिकल’ या नावानेच ओळखले जाते. तेथे भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीपासून थेट छिंदवाडा, बालाघाटपर्यंतचे रुग्ण येतात. परवापर्यंत गावचा हिशेब तोंडपाठ सांगणारा सत्तरीचा गृहस्थ अशा मोठ्या रुग्णालयात दाखल होतो आणि दुसऱ्या रात्री सलाईनची सुई उपटतो, पोटच्या मुलीला ओळखत नाही. नातेवाईक हताशपणे म्हणतात, ‘म्हातारचळ लागला.’ एखादी वयस्क बाई म्हणते, ‘वात झाला.’ हा दुसरा शब्द सत्याच्या अधिक जवळ आहे, कारण त्यात वयाला नव्हे, आजाराला दोष दिलेला असतो.

वैद्यकशास्त्र या अवस्थेस ‘डिलिरियम’ म्हणते. स्मृतिभ्रंश वर्षानुवर्षे वाढत जातो. हा भ्रम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत उद्भवतो व त्यात चढउतार होतात. सकाळी डॉक्टरांच्या फेरीच्या वेळी रुग्ण नीट बोलतो, रात्री बडबडू लागतो. म्हणूनच रात्री उशाशी बसणाऱ्या नातेवाइकाची साक्ष मोलाची असते. काही रुग्ण मात्र आरडाओरडा न करता निपचित पडून राहतात, जेवत नाहीत. ‘आजोबा शांत आहेत’ असे समजून त्यांच्याकडे दुर्लक्ष होते आणि धोका तेथेच अधिक असतो.

मुख्य खूण म्हणजे अवधान टिकत नाही. वर्षाचे महिने उलट क्रमाने सांगण्यास सांगावे. शाळा न पाहिलेल्यांना वार उलटे विचारावेत. जन्मतारीख अनेक वृद्धांना मुळातच ठाऊक नसते. ती न सांगता आली म्हणून भ्रम ठरवू नये.

कारणे बहुधा शरीरात सापडतात: न्युमोनिया, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठता, रक्तातील सोडियम किंवा साखर घटणे, शस्त्रक्रिया, वेदना, झोपेची वा सर्दीची काही औषधे. वृद्धांत संसर्ग असूनही ताप नसू शकतो. नित्य मद्यपान अचानक थांबल्यास दोन-तीन दिवसांनी होणारा भ्रम वेगळा व घातक असतो; ती माहिती संकोच न करता डॉक्टरांना द्यावी. नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात शरीर तापून भ्रम झाल्यास तो उष्माघात समजावा, अंग तत्काळ थंड करावे व रुग्णालय गाठावे.

अमेरिकेतील येल येथील एका अभ्यासात, जो १९९९ साली प्रसिद्ध झाला, सत्तरी गाठलेल्या ८५२ रुग्णांची पाहणी झाली. चष्मा व श्रवणयंत्र देणे, पाणी पाजणे, हिंडविणे, रात्री झोप मोडू न देणे, वारंवार स्थळकाळाची जाणीव देणे एवढ्या साध्या उपायांनी हा भ्रम होण्याचे प्रमाण शेकडा १५ वरून सुमारे १० वर आले. हातपाय बांधल्याने मात्र अस्वस्थता वाढते. गावातून रुग्ण पाठविताना पंचायत सदस्यांनी वा शिक्षकांनी चष्मा, कवळी, चालू औषधांची पाकिटे आणि ‘आठवड्यापूर्वी प्रकृती कशी होती’ याची चार ओळींची चिठ्ठी सोबत द्यावी. रुग्णाची बोली जाणणारे माणूस जवळ असावे.

आणखी एक बाब अधिकाऱ्यांच्या कक्षेतील आहे. रुग्ण खाटेवर असतानाच वाटणीपत्रावर किंवा बँकेच्या कागदावर अंगठा घेण्याची घाई कधीकधी होते. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२ मधील एका उदाहरणानुसार, तापाच्या भ्रमात असलेला एरवी शहाणा मनुष्यही तो भ्रम टिकेपर्यंत करार करू शकत नाही. हा भ्रम घरी परतल्यावरही काही आठवडे रेंगाळू शकतो.