कुकरची शिट्टी नेमके काय सांगते?
(स्वयंपाकघरातील वेळ वाचविणारी साधने)



“तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर.” आपल्या बहुतेक घरांत सकाळी हे वाक्य ऐकू येते. आई डब्याच्या पोळ्या करीत असते आणि शिट्ट्या मोजण्याचे काम अभ्यासाला बसलेल्या मुलाकडे किंवा मुलीकडे येते. आता अनेक घरांत आई-वडील दोघेही नोकरीवर जातात, त्यामुळे आठवी-नववीतली मुले स्वतःच वरण-भाताचा कुकर लावू लागली आहेत. आम्हाला याचे कौतुकच वाटते. पण ज्या भांड्यात वाफ कोंडलेली असते ते हाताळणाऱ्याला नुसता शिट्ट्यांचा आकडा सांगून भागत नाही. आत काय घडते आहे, हे त्याला ठाऊक असायला हवे. म्हणून या अंकातील पाठ स्वयंपाकघराचा. त्यात मिक्सर, विळी, पुरणयंत्र यांचाही विचार करू. पण सर्वांत जास्त वेळ वाचविणारे आणि सर्वांत कमी समजून घेतलेले साधन कुकर असल्यामुळे त्यालाच अधिक जागा देत आहोत.

आधी साधे पातेले घेऊ. उघड्या पातेल्यातले पाणी एकदा खळखळून उकळू लागले की आच कितीही वाढवा, ते अधिक तापत नाही. वाढीव उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. समुद्रसपाटीला हे तापमान १०० अंश सेल्सिअस असते. आपले इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. तेथे हवेचा दाब थोडा कमी, म्हणून आपल्याकडे पाणी सुमारे ९८ अंशांनाच उकळते. याचा एक गोड फायदा आपण रोज खातो. पोह्यांच्या ठेल्यावर पोह्यांची परात उकळत्या पाण्याच्या भांड्यावर ठेवलेली असते. खालून वाफ लागत राहते, पण ती वाफ ९८ अंशांच्या फारशी वर जात नाही; म्हणून तासन् तास ठेवूनही पोहे करपत नाहीत आणि मऊ राहतात. मात्र तुरीची डाळ शिजवायची असेल तर हीच मर्यादा आडवी येते. उघड्या पातेल्यात डाळ मऊ व्हायला पाऊण तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो.

कुकर ही मर्यादा ओलांडतो. झाकण घट्ट बसले की वाफ बाहेर जाऊ शकत नाही आणि आतील दाब वाढतो. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदूही वाढतो. घरगुती कुकरचे शिट्टीचे वजन साधारणपणे दर चौरस सेंटीमीटरला एक किलोग्रॅम एवढा जादा दाब होईपर्यंत नळीचे तोंड दाबून धरते. त्या दाबाला आतील पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत तापते. म्हणजे पातेल्यापेक्षा वीस-बावीस अंश जास्त. ऐकायला हे थोडेच वाटते. पण रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे, की तापमान दहा अंशांनी वाढले तर क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. वीस अंशांनी तो चौपट होईल. पाऊण तासाची डाळ दहा-पंधरा मिनिटांत होते ती यामुळे!

आता शिट्टीकडे वळू. आतील दाब वजनापेक्षा भारी झाला की वजन उचलले जाते, थोडी वाफ सुटते आणि वजन पुन्हा बसते. म्हणजे शिट्टी ‘दाब पूर्ण झाला’ एवढेच सांगते. किती वेळ झाला, हे ती सांगत नाही. मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या चार मिनिटांत होतील, मंद आचेवर त्याच तीन शिट्ट्यांना पंधरा मिनिटे लागतील, आणि डाळ शिजण्याचा संबंध मिनिटांशी आहे. एका घरी तीन शिट्ट्यांत होणारी डाळ दुसऱ्या घरी कच्ची राहते ती याच कारणाने. आमचे सांगणे असे, की पहिली शिट्टी होईपर्यंत आच मोठी ठेवावी, मग ती मंद करावी आणि तेथून पुढे घड्याळ पाहावे. दाब पूर्ण झाल्यावर मोठी आच ठेवल्याने आतील तापमान वाढत नाही, फक्त वाफ वाया जाते आणि तिच्याबरोबर गॅसही. इंधन बचतीचे काम करणारी पेट्रोलियम संवर्धन संशोधन संस्थाही गृहिणींना हेच सांगत आली आहे.

मुलांनी कुकर लावण्यापूर्वी पुढील गोष्टी घरातील मोठ्यांसमोर दोन-चार वेळा करून दाखवाव्यात. झाकणावरील वाफेची नळी उजेडाकडे धरून आरपार दिसते ना, हे पाहावे. तिच्यात डाळीचे टरफल अडकले असेल तर वाफेला वाट राहत नाही. कुकर कधीही काठोकाठ भरू नये. एरवी दोन तृतीयांश, आणि डाळ थेट कुकरात शिजवायची असेल तर निम्म्यापर्यंतच. डाळीला फेस येतो, तो वर चढून नळीत जाऊन बसतो. चमचाभर तेल घातल्यास फेस कमी येतो. हळदीबरोबर तेल घालण्याच्या आजीच्या सवयीमागे हे कारणही आहे. पाणी घातल्याशिवाय कुकर कधीही गॅसवर चढवू नये.

झाकणावर आणखी एक छोटा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. त्यात लवकर वितळणारा मिश्रधातू भरलेला असतो. पाणी आटून कुकर भलताच तापला तर तो वितळतो आणि वाफेला वाट मिळते. असा व्हॉल्व्ह एकदा उडाला की त्याच कंपनीचा नवीन बसवून घ्यावा. तेथे भलतेच काही ठोकून बसविणे म्हणजे घरातील पहारेकऱ्याला झोपेची गोळी देण्यासारखे आहे. रबरी रिंग कडक झाली, तिला चिरा पडल्या किंवा कडेने वाफ येऊ लागली की ती बदलावी.

आणि सर्वांत महत्त्वाचे, झाकण जोर लावून उघडू नये. आत १२० अंशांचे पाणी असते. दाब एकदम गेला की त्या पाण्यातील काही भागाची क्षणात वाफ होते आणि ती गरम डाळीसकट बाहेर उसळते. कुकरचे बरेचसे अपघात या घाईतून होतात. दाब आपोआप उतरू द्यावा. त्या दहा मिनिटांत डाळ शिजतही असते, त्यामुळे तो वेळ वाया जात नाही.

नवीन कुकर घेताना आय.एस.आय. चिन्ह आणि त्यासोबत आय.एस. २३४७ हा क्रमांक पाहावा. घरगुती कुकरसाठी हे मानक २०२१ पासून केंद्र सरकारने सक्तीचे केले आहे. स्वस्त मिळतो म्हणून बिनचिन्हाचा कुकर घेणे आम्हाला मुळीच पटत नाही.

इतिहासही थोडा पाहू. वाफ कोंडून शिजविण्याचे भांडे १६७९ मध्ये देनी पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने लंडनमध्ये बनविले. त्यात हाडेसुद्धा मऊ होत. जादा वाफ सोडणारी झडपही त्यानेच योजली. आपल्याकडे कोलकात्याचे डॉ. इंदुमाधव मल्लिक यांनी १९१० मध्ये ‘इकमिक’ कुकर तयार केला. त्यात दाब नव्हता. खाली कोळशाची शेगडी आणि वर एकावर एक डबे, अशी ती वाफेची रचना होती. भारतात प्रेशर कुकर बनू लागले ते १९५९ च्या सुमारास. आपण आज कुकरात डबे रचून एकाच आचेवर वरण, भात आणि बटाटे लावतो, त्यात या दोन्ही कल्पना एकत्र आलेल्या दिसतात. डब्यातील अन्नाला उष्णता डब्यातून मिळते, म्हणून थेट कुकरात शिजविण्यापेक्षा त्याला थोडा जास्त वेळ द्यावा.

कुकरइतकाच वेळ वाचविणारे दुसरे साधन फुकटचे आहे, ते म्हणजे पाण्याने भरलेले पातेले. रात्री भिजवलेले हरभरे न भिजवलेल्यांपेक्षा कितीतरी लवकर शिजतात, कारण पाणी आतपर्यंत शिरण्याचे काम गॅसशिवाय आधीच झालेले असते. चिंच, आमसूल आणि गूळ मात्र डाळ मऊ झाल्यावरच घालावेत. आंबट पदार्थ आणि गूळ यांमुळे दाणा मऊ होण्याची क्रिया रेंगाळते. बोअरिंगच्या कठीण पाण्यातही डाळ उशिरा शिजते, तेव्हा दोष डाळवाल्याचा असतोच असे नाही.

आता मिक्सर. परदेशी ब्लेंडर आपल्या डाळी-मसाल्यांपुढे टिकत नसत, म्हणून १९६० च्या दशकात मुंबईचे अभियंता सत्यप्रकाश माथुर यांनी दणकट मोटर असलेला ‘सुमीत’ मिक्सर आणला आणि घरोघरचा पाटा-वरवंटा कोपऱ्यात गेला. मिक्सरचे पाते मिनिटाला हजारो फेरे घेते. घर्षणाने वाटण गरम होते, म्हणून चटणीला गार पाणी घालावे आणि मिक्सर थांबत-थांबत फिरवावा. भांडे गच्च भरल्यास मोटरवर ताण येऊन तो मध्येच बंद पडतो. अशा वेळी बऱ्याच मिक्सरच्या बुडाशी असलेले छोटे, बहुधा लाल, बटण बाहेर आलेले असते. प्लग काढून, भांडे थोडे रिकामे करून, जरा वेळाने ते आत दाबले की मिक्सर पुन्हा चालू होतो. दुरुस्तीवाल्याकडे नेण्याआधी एवढे पाहावे. पात्यापाशी बोट नेण्यापूर्वी प्लग काढलाच पाहिजे. येथे सवलत नाही.

विळीला हल्ली कोणी यंत्र मानीत नाही, पण ते आहे. पाते स्थिर आणि दोन्ही हात मोकळे, त्यामुळे गवार, मेथी, कोबी भराभर चिरता येतात. टोकाला खोवणी असली तर नारळही होतो. धार मात्र हवी. बोथट पात्यावर जोर जास्त लावावा लागतो आणि हात सटकतो. दोरी ओढून चालणारे चॉपर सध्या बरेच घेतले जातात. चार-पाच कांद्यांसाठी ते छान आहेत, पण एका कांद्यासाठी चॉपर काढायचा, मग त्याची पाती, झाकण आणि भांडे धुवायचे, यात विळीवर कांदा चिरून फोडणीत पडलेला असतो! साधनाने वाचविलेला वेळ मोजताना ते काढण्याचा, धुण्याचा आणि जागेवर ठेवण्याचा वेळ वजा केला पाहिजे. शिवाय धुणारे कोण, हेही पाहावे. मुलाने यंत्र फिरविले आणि आईने घासले, तर त्या घरात वेळ वाचला असे म्हणता येणार नाही.

पुरणयंत्र वर्षातून चार-सहा वेळाच बाहेर येते, पण होळीच्या दिवशी त्याची किंमत कळते. पुरण गरम असतानाच त्यातून काढावे. गार झाले की गूळ आळतो आणि दांडा फिरविताना घाम निघतो.

विश्वस्त मंडळींना आमची एक विनंती आहे. शाळेत गृहविज्ञानाचे तास होतील तेव्हा त्यांत मुलगेही बसावेत. कुकरची वाफ मुलगा-मुलगी पाहत नाही.

गृहपाठ (इयत्ता आठवी ते दहावी): सलग दोन रविवारी घरातील मोठ्यांसमोर वाटीभर तुरीची डाळ कुकरात लावा. पहिल्या रविवारी डाळ न भिजवता, दुसऱ्या रविवारी अर्धा तास भिजवून. पाणी आणि आच दोन्ही वेळा सारखी ठेवा. पहिल्या शिट्टीपर्यंतची मिनिटे, मंद आचेवरची मिनिटे, एकूण शिट्ट्या आणि डाळ बोटाने चेपते की नाही, असे चार रकाने वहीत आखून नोंदी करा आणि वही विज्ञानाच्या तासाला आणा.